राणीसाहेब, काही हुकूम?

दळण सरेना गं बाई, सूर्व्या भिंतीआड गेला
दार लोटू नको बंधू, सूर माझा आत राहिला

ही ओवी मी आयुष्यात एकदाच ऐकली. सात वर्षांची होते. दार सागवानी होतं, चार बोटं जाड, त्यामुळे आवाज दारातून आला असं म्हणता येणार नाही. तो दाराखालच्या फटीतून आला, जात्यातून पीठ येतं तसा, हळू आणि सगळीकडे. माझ्या चपलेचा पट्टा निघाला होता म्हणून मी खाली बसले होते. त्यामुळे मला तो सगळ्यांच्या आधी ऐकू आला. मोठी माणसं उभी होती, त्यांच्यापर्यंत तो जरा वेळाने पोचला. पोचल्यावर एकवीस मोठी माणसं एकदम जमिनीवर आडवी झाली आणि मी एकटीच बसलेली राहिले. मला वाटलं सगळ्यांच्याच चपलांचे पट्टे निघाले.

धवळगढी इंदूरहून तासाभरावर आहे, घाट उतरायच्या अलीकडे. गढी म्हणजे आता एक बुरूज, दीड भिंत आणि एक सरकारी पाटी. पाटीवरचा मजकूर उन्हाने उडाला आहे, ‘दंडनीय’ एवढाच शब्द शिल्लक आहे. मांडूवर सुलतान होते त्या काळात इथे एक छोटा राजा होता. त्याचं नाव दगडावर कोरलेलं आहे, पण नंतर गावातल्या पोरांनी त्याच दगडावर इतकी नावं कोरली की त्यांतलं राजाचं कुठलं ते सांगता येत नाही. राणीचं नाव कुठेच नाही, त्यामुळे तिच्याबाबतीत घोटाळा झालेला नाही.

गोष्ट अशी सांगतात. राजा लढाईला जाताना राणीला बजावून गेला की मी येईपर्यंत परक्याशी बोलायचं नाही. एका दुपारी फाटकात तहानलेला वाटसरू आला. राणीने त्याला पाणी दिलं. तो म्हणाला, पाणी गोड आहे. राणी बोलली नाही. तिने ओवीतून उत्तर दिलं, कारण गाणं म्हणजे बोलणं नव्हे असं तिला वाटलं. राजाला तसं वाटलं नाही. त्याने तिला बुरुजातल्या खोलीत कोंडलं, एक जातं दिलं आणि अख्ख्या फौजेचं धान्य दिलं. मात्र राणी ती राणी, म्हणून रीत राखली. रोज सकाळी किल्लेदाराने दार उघडायचं, पीठ घ्यायचं, मुजरा करून विचारायचं, ‘राणीसाहेब, काही हुकूम?’ आणि पुन्हा कुलूप लावायचं. राणी त्या किल्लेदाराला बंधू म्हणायची. एके दिवशी पीठ यायचं बंद झालं. गाणं चालू राहिलं.

आमचे पूर्वज होळकरांच्या फौजेत होते. गढीचा ताबा त्यांच्याकडे आला तेव्हा किल्लीबरोबर राणीही आली. ती माळव्याची, तिला मराठीत ओव्या कशा येत होत्या, हा प्रश्न आमच्या घरात कुणी विचारला नाही. आमच्या बायकांनी तिला आपल्या भाषेत गायला शिकवलं असणार. तिच्या सात ओव्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या. आमचं आडनाव मोरे आहे, पण गढीखालच्या गावात आम्हाला किल्लीवालेच म्हणतात.

दर वर्षी चैत्रातल्या तीजेला आम्ही गढीवर जायचो. घरच्या बायका खोलीत जाऊन जात्याची ओटी भरायच्या, समई लावायच्या, सात ओव्या म्हणायच्या आणि पाठमोऱ्या न होता, राणीकडे तोंड ठेवून, उलट्या पावली बाहेर यायच्या. पुरुष बाहेर थांबायचे. घरातला किल्लीचा मानकरी दाराशी उभा राहायचा. आत जाताना प्रत्येक बाई त्याच्या हातावर एक चिंचोका ठेवायची, बाहेर येताना उचलून घ्यायची. कारण आत एक बाई आधीच आहे, आपल्यातली एखादी चुकून तिच्यासोबत राहायला नको. हात रिकामा झाला की मानकऱ्याने म्हणायचं, ‘बरोबर.’ मग तीनदा विचारायचं, ‘राणीसाहेब, काही हुकूम?’ थोडं थांबायचं, कुलूप लावायचं आणि खाली येऊन सगळ्यांनी पन्हं प्यायचं.

दोनशे वर्षं हा प्रश्न विचारला गेला. उत्तर आलं तर काय करायचं, हे कुणीच ठरवलेलं नव्हतं.

चौऱ्याऐंशी साली उत्तर आलं. आमचे आबा, म्हणजे माझे आजोबा, अंथरुणाला खिळले होते म्हणून त्या वर्षी किल्लीचा मान पहिल्यांदाच माझ्या बाबांकडे आला होता. बाबांचं नाव उदयसिंह. तेव्हा ते पोलोग्राउंडच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करायचे. चौदा बायका आत गेल्या. ओव्या झाल्या, बायका बाहेर आल्या, बाबांनी मूठ मिटली, दार पुढे ओढून घेतलं आणि ‘बरोबर’ म्हणाले. मग पहिल्यांदा विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर दाराखालून ती ओवी आली. सातांपैकी कुठलीच नव्हती. आठवी होती.

सगळे आडवे झाले. बाबा तेवढे उभे होते, कारण किल्लीच्या मानकऱ्याने वाकायचं नसतं. त्यांनी दार घट्ट लोटलं, कुलूप लावलं, किल्ली लाल मखमली थैलीत टाकली आणि थैलीची नाडी ओढली. खाली आल्यावर कुणी पन्ह्याला हात लावला नाही. सगळे रडत होते. मी तीन पेले प्यायले.

येताना एक मॅटाडोर होती आणि एक जीप. जीप महूला पाहुणे सोडून मुक्काम करून येणार होती. मॅटाडोरमधल्यांना वाटलं प्रेमलता जीपमध्ये आहे. जीपमधल्यांना वाटलं ती मॅटाडोरमध्ये आहे. प्रेमलता म्हणजे माझी आत्या, बाबांची धाकटी बहीण, तेव्हा बावीस वर्षांची. दुसऱ्या दिवशी दुपारी जीप परदेशीपुऱ्यात आमच्या दारात आली आणि तिच्यातून आत्या उतरली नाही, तेव्हा घरातल्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. बाबांना वर्कशॉपमधून बोलावून घेतलं. गढीवर पोचेपर्यंत गावातली माणसं नारळ घेऊन बुरुजाखाली जमली होती, कारण चमत्काराची बातमी पसरली होती. बाबांनी दार उघडलं. आत्या जात्यापाशी बसली होती. म्हणाली, “पाणी.”

यावर घरात चर्चा झाली आणि निष्कर्ष निघाला. चिंचोके बरोबर होते, अर्थात आत्या बाहेर आली होती. आत्या आत सापडली, अर्थात राणीने तिला परत बोलावून घेतलं. बोलावलं तर गाऊन बोलावलं, आणि तेच सगळ्यांनी ऐकलं. या हिशेबात कुठेच खोट नव्हती. आत्याला विचारलं तर ती काही बोलली नाही, आणि ज्याला राणीचा सहवास लाभला तो बोलत नाही हेही सगळ्यांना पटलं. धारचं एक स्थळ तिला बघायला यायचं होतं. त्यांनी निरोप पाठवला की मुलगी चांगलीच असेल, पण आमच्या घरात आधीच माणसं फार आहेत, सोबत राणी नको.

आत्याने लग्न केलं नाही. नगरनिगमच्या शाळेत तिने अठ्ठावीस वर्षं गणित शिकवलं. सकाळच्या प्रार्थनेला ती नुसते ओठ हलवायची. त्या दिवसापर्यंत आमच्या घरात गाणारी ती एकटीच होती. राणीच्या सात ओव्या तिच्या गळ्यातून ऐकाव्यात असं बायका म्हणायच्या, आणि ती मनानेही ओव्या रचायची, भांडी घासताना, केस विंचरताना, शेजारणीच्या म्हशीवरसुद्धा. त्या दिवसानंतर तिने कुकरची शिट्टी मोजली तेवढाच तिचा सुराशी संबंध.

आता सांगायला हरकत नाही. मला तेव्हाच माहीत होतं. सात वर्षांच्या मुलीला आपल्या आत्याचा आवाज कळतो. ती मला रोज वेणी घालताना गाऊन दाखवायची. मी घरी येऊन आईला सांगितलंही की राणी आत्यासारखी गाते. आईने माझ्या तोंडावर हात ठेवला आणि म्हणाली, असं नाही म्हणायचं, राणी राणीसारखी गाते. आईला जाऊन नऊ वर्षं झाली. तो हात अजून आहे.

या वर्षी सरकारने ठरवलं की धवळगढीवर पर्यटक आले पाहिजेत. बुरूज दुरुस्त होणार, लाइट अँड साउंड शो होणार आणि किल्ली पर्यटन विभागाच्या ताब्यात जाणार. तीजेला शेवटची ओटी भरून तिथेच किल्ली द्यायची असं ठरलं. शो करणाऱ्या कंपनीने नीरज नावाचा एक तरुण पाठवला. इंदूरचाच, मराठी घरातला, पण त्याचं मराठी प्रत्येक वाक्यात हिंदीचा हात धरून रस्ता ओलांडायचं. मी शाळेत हिंदी शिकवते, म्हणून घरातलं मराठी लिखाण माझ्याकडे असतं. शोसाठी राणीची गोष्ट मीच लिहून दिली.

नीरजला दोन गोष्टी हव्या होत्या. पहिली म्हणजे चौऱ्याऐंशीच्या चमत्काराचं साक्षीदाराच्या सहीचं निवेदन. ते त्याने टाइप करूनच आणलं होतं, फक्त बाबांची सही हवी होती. दुसरी म्हणजे आवाज.

“पूर्वाताई, स्टुडिओत आपण एक सिंगर ट्राय केली,” तो म्हणाला. “सूर एकदम परफेक्ट, लेकिन वो बात नाही येऊन राहिली. ओरिजनल चाल कुणाला येते घरात?”

बाबांनी आत्याकडे पाहिलं नाही. आत्याने बाबांकडे पाहिलं नाही. मी नीरजला आणखी पोहे वाढले.

बाबा आता एकोणऐंशी वर्षांचे आहेत आणि त्यांना कमी ऐकू येतं. कानातलं मशीन बहुतेक वेळा टेबलाच्या खणात असतं. निवेदनाचा कागद आठ दिवस त्या खणावरच पडून होता. पहिल्या दिवशी चष्मा सापडत नव्हता. दुसऱ्या दिवशी पेन चालत नव्हतं. तिसऱ्या दिवशी एकादशी होती. मी विचारलं की एकादशीला सही चालत नाही का, तर ते म्हणाले, पोलोग्राउंडच्या मशीनींनी माझे कान गेले गं, काय म्हणालीस ते कळलं नाही.

तीजेच्या आदल्या दिवशी मी आत्याकडे विषय काढला. ती स्वयंपाकघरात आंब्याच्या डाळीसाठी कैरी किसत होती. मी म्हटलं, तू गाऊन दे ना त्या मुलाला, चार ओळी. ती म्हणाली, दादाने त्या कागदावर सही केली का? मी म्हटलं, नाही. मग ती बराच वेळ किसत राहिली, गर संपून कोय लागेपर्यंत.

मग तिने ते सांगितलं, एखादं गणित सांगावं तसं. चौऱ्याऐंशीच्या तीजेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी दहा वाजता, तिची रेडिओवर ऑडिशन होती. पत्र आलं होतं. आबांनी ते वाचून उशीखाली ठेवलं आणि म्हणाले, मोऱ्यांची मुलगी बाजारात गाणार नाही, उदय, तू बघ. बाबांनी आबांना म्हटलं, बघतो. मग बाहेर येऊन बहिणीला म्हटलं, आबांचं मी बघतो, तू साडेनऊला तयार राहा, स्कूटरवर सोडतो. दोन्हीकडे हो.

“त्या दिवशी बाकीच्या बाहेर गेल्या,” आत्या म्हणाली, “आणि समईचं तेल सांडलं म्हणून मी मागे राहिले. पुसत होते. दादाने विचारलं तेव्हा मला हसू आलं. म्हटलं चला, दोनशे वर्षांत पहिल्यांदा उत्तर देऊ. गंमत केली. वाटलं हसेल आणि म्हणेल, चल गं बाहेर. आणि त्याने दार लावलं.”

“ओरडलीस नाही?”

“ओरडले की. पण लोक रडून राहिले होते ना बाहेर, ढोल सुरू झाला होता. रात्री थोडं दळलं. रिकामंच. आवाज तरी होतो.”

आईने मला एकदा सांगितलं होतं की त्या रात्री बाबा अंगणात स्कूटर पुसत बसले होते, सीटची शिवणसुद्धा, आणि सकाळी आठला तिच्यावर बसून एकटेच वर्कशॉपला गेले. मी हे आत्याला सांगितलं नाही. कदाचित तिला माहीत असेल.

मी म्हटलं, बाबांच्या लक्षात आलं नसेल. कान...

“कान एकोणनव्वद साली गेले,” आत्या म्हणाली. “चौऱ्याऐंशी साली त्याला माझी बांगडी वाजली तरी कळायचं कोण जिना उतरतंय. पण तेही राहू दे. ओवी नसेल ओळखली, गोंधळात माणूस नाही ओळखत. माझा चिंचोका मी परत घेतला नव्हता, पूर्वा. तो त्याच्या हातावर होता. आता तो पडला असेल तर दादाची चूक झाली. मुठीत असेल तर दादाचं काम झालं. चुकीला मी केव्हाच माफ केलंय. दुसऱ्याचं काय करायचं ते ठरवायला मला आधी कळायला तर हवं.”

“एवढ्या वर्षांत विचारलं का नाहीस?”

“रोज चार वाजता चहा देते तेव्हा विचारीन म्हणते. मग तो म्हणतो, साखर कमी आहे. मग राहून जातं.” तिने कोय टोपलीत टाकली. “उद्या किल्ली गेली की गोष्ट सरकारी झाली. मग तिच्यात खरं घालायला अर्ज करावा लागेल. त्याच्या आत त्याने सांगावं, एवढंच. गाणं-बिणं नंतर.”

त्याच दुपारी बाबा मला सराफ्यात घेऊन गेले. किल्लीची चांदीची कडी सैल झाली होती आणि सरकारला सैल कडी द्यायची नाही असं त्यांचं म्हणणं होतं. ओळखीच्या सोनाराने कडी बसवून दिली, किल्लीला चमक दिली आणि थैलीही स्वच्छ करून देतो म्हणाला. “बाबूजी, थैली खाली कर दो, अंदर कुछ पड़ा है.” बाबांनी त्याच्या हातातून थैली घेतली. म्हणाले, राहू दे. सोनार म्हणाला, दो मिनट का काम है. बाबा म्हणाले, ऐकू येत नाही, आणि माझ्याआधी पायऱ्या उतरले. घरापर्यंत थैली त्यांच्या मुठीत होती, आणि किल्ली माझ्या पर्समध्ये.

तीजेला दोन गाड्या गेल्या. विभागाचे साहेब आधीच येऊन बुरुजासमोर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. त्यांना साडेबाराला दुसरीकडे उद्घाटन होतं, हे त्यांनी प्रत्येकाला वेगवेगळं सांगितलं. नीरजने दाराजवळ माइक लावला आणि गावाला सांगितलं की पंखे, मोबाइल, बकऱ्या, सगळं सायलेंट पाहिजे. निवेदनाचा कागद त्याच्या फाइलमध्ये बिनसहीचा होता. बाबा म्हणाले होते, वर गेल्यावर करतो.

गाडीत माझ्या शेजारी बसून बाबांनी खिशातून कानातलं मशीन काढलं आणि स्वतःच कानात घातलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. अशा वेळी पाहिलं की माणूस ते परत काढून ठेवतो.

या वर्षी बायका पाचच होत्या. मी, माझी चुलत बहीण शालिनी, महूच्या दोघी आणि आत्या. आत्या एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीच्या उंबऱ्याशी आली होती. आतापर्यंत दर तीजेला तिला घरी काही ना काही काम निघायचं. आम्ही एकेक करून बाबांच्या हातावर चिंचोका ठेवला. आत्याने ठेवला तेव्हा बाबांचा हात हलला आणि चारही चिंचोके तळव्यावर सरकून पाचव्याला जागा झाली.

आत खोली माझ्या आठवणीपेक्षा लहान होती. जातं मात्र तेवढंच होतं. वरचा दगड मधोमध झिजून पातळ झालेला. आम्ही जात्याला हळद-कुंकू लावलं, ओटी भरली, समई लावली आणि सात ओव्या म्हटल्या. चौघींच्या चार चाली झाल्या. आत्या ओठ हलवत होती. मग आम्ही उलट्या पावली निघालो. मी शेवटून दुसरी होते. आत्याने समईची वात पुढे ओढली, जात्याशेजारी मांडी घातली आणि मला म्हणाली, तू हो पुढे.

मी बाहेर आले आणि बाबांच्या हातावरून माझा चिंचोका उचलला. मागे कुणी येत नव्हतं. हातावर एक उरला होता. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. आमच्या घरात एवढं सगळ्यांना येतं.

बाबांनी मूठ मिटली. ‘बरोबर’ म्हणायची जागा आली आणि गेली. साहेबांनी घड्याळात पाहिलं. शालिनी माझ्या कानात म्हणाली, आत्या कुठे आहे गं? मी म्हटलं, आहे.

“राणीसाहेब, काही हुकूम?” बाबांनी विचारलं. आवाज कोरडा होता.

बुरुजावर पोपट होते, ते बोलले. बाकी कुणी नाही.

“राणीसाहेब, काही हुकूम?”

नीरजने कानावरचा हेडफोन दाबून धरला.

तिसऱ्यांदा विचारायला बाबांनी बराच वेळ घेतला. दार या वेळी उघडंच होतं, पण कोन असा की आतलं दिसत नव्हतं, नुसता समईचा पिवळा तुकडा जमिनीवर हलत होता. त्यांनी विचारलं. आधी जात्याची घरघर आली. रिकामं जातं दगडावर दगड बोलतं, ते ऐकायला बरं नसतं. मग त्या घरघरीवर आवाज आला. जुना झाला होता, मधे मधे चिरला होता, तरी चालत होता.

दळण सरलं रे दादा, पीठ उडालं वाऱ्याला
मुठीत चिंचोका एक, सांग कुणाचा उरला

गावातल्या दोन म्हाताऱ्या पटकन आडव्या झाल्या. त्यांना पाहून आणखी दहा-बारा जण झाले. साहेब खुर्चीवरून अर्धे उठले आणि आपल्याला वाकायचं असतं की नाही हे न कळल्यामुळे तसेच राहिले. नीरजचे डोळे मोठे झाले होते. त्याने मला अंगठा दाखवला. ओरिजनल, असं त्याचे ओठ म्हणाले. मी या वेळी खाली बसले नव्हते. माझ्या चपलेचे पट्टे जागेवर होते.

बाबा उभे होते. मानकऱ्याने वाकायचं नसतं. त्यांनी डाव्या हाताने थैलीची नाडी सोडली. ती उलटी केली आणि उजव्या हाताची मूठ उघडून तिच्याखाली धरली. किल्ली आधी पडली. तिच्यामागून काहीतरी छोटं, काळं आणि गुळगुळीत पडलं, इतकं जुनं की चिंचोका आहे हे ओळखायला मला वेळ लागला. दोन चिंचोके त्यांच्या तळव्यावर शेजारी बसले. एक तपकिरी, एक काळा.

साहेबांनी किल्लीसाठी हात पुढे केला. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. नीरजला त्यांनी एवढंच विचारलं, ते मशीन चालू आहे ना? नीरजने मान हलवली. मला वाटलं, बंद कर म्हणतील. ते म्हणाले, चालू ठेव.

मग दोनशे वर्षांत कुठल्याही मानकऱ्याने केलं नव्हतं ते त्यांनी केलं. उंबऱ्याच्या आत पाय ठेवला. जात्याची घरघर थांबली. आत्या मान वर करून बघत होती, हात खुंट्यावर तसाच. बाबांनी तळवा तिच्यासमोर धरला, ओटी घेतल्यासारखा.

“प्रेमा,” ते म्हणाले, “तेव्हाही एक उरला होता. मी मोजला होता. तुझा आवाजही ओळखला होता, पहिल्या शब्दाला. आबांना नाही म्हणायची हिंमत नव्हती माझ्यात, आणि तुला नाही म्हणायला तोंड नव्हतं. म्हणून किल्ली फिरवली.”